डोळ्याची उंची

॥ श्री नगदनारायण प्रसन्न ॥

तेलगाव,
माघ शुद्ध दशमी

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. तुम्ही एस.टी.ने पाठवलेलं खोकं पोचलं. आलेल्या वस्तू अशा: पांढरी लांब नळी एक, तोंडाजवळ पोचा पडलेली; डोळ्याला लावायच्या भिंगाच्या डब्या दोन; नळीच्या बुडाला बसवायचा कोपरासारखा वाकडा तुकडा एक, आत आरसा असलेला; तिवई एक, तिचा एक पाय दोरीने बांधलेला; पिवळं फडकं एक; आणि चिठ्ठी एक. भाडं तुम्ही भरलंच होतं. इकडे स्टँडवर हमाली वीस आणि रिक्षा चाळीस, एकूण साठ रुपये. ते त्याच दिवशी वहीत मांडले. चिठ्ठी मात्र जमेला धरावी की खर्चाला, हे एकवीस दिवस झाले तरी कळलेलं नाही, म्हणून उत्तराला उशीर. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी "बरं आहे ना" आणि "बरं आहे" ह्याच्या पुढे कधी गेलोच नाही.

चिठ्ठी तुम्ही भावाला लिहिली. एक मार्चपासून आश्रमात राहायला जातेय, चाकाच्या खुर्चीवर एकटीला अंबाजोगाईची खोली झेपत नाही, दुर्बीण शाळेला दे नाहीतर विकून टाक, आता उभं राहून बघणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. चार ओळी. त्यात माझं नाव नाही, आणि ते बरोबरच आहे. तुमचे भाऊ चिठ्ठी हातात धरून पायरीवर बसले. म्हणाले, "अक्काला आश्रम कावून? तिच्या भावाचं घर काय जळालं काय?"   आपली नणंद-भावजय होऊन एकतीस वर्षं झाली, त्यातली तीस वर्षं तुम्ही ह्या घरात रात्रीचा मुक्काम केलेला नाही. भाऊबीजेला यायचं, बाहेरच्या खोलीत बसायचं, भावाला ओवाळायचं, अन् दिवेलागणीच्या आत परत. कावून, ते त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत न्यायच्या आधी नीट चालते का बघू, म्हणून ह्यांनी तिवई अंगणात मांडली. अक्का, ती तिवई म्हणजे म्हातारी बकरी. एका पायाला धरावं तर दुसरा पसरतो. चंद्र धरला की वारा येई, आणि चंद्र तव्यावरच्या भाकरीसारखा फुगून थरथरायचा. नळीला नुसतं बोट लावलं तरी तो पार निसटून जायचा. शिवाय ते वाकणं! नळी वर करावी तसं तिचं बूड खाली येतं. ह्यांनी आधी कंबर वाकवली, मग गुडघे, मग अंगणात उकिडवे बसले. म्हणाले, "अक्का शाळेत पोरान्ला उठाबशा काढायला लावत व्हती, आता मला लावलीया." मग उठवेना म्हणून माझा हात धरला. तेव्हाच माझ्या मनात आलं, की ह्या नळीत खोट नाही, खोट हिच्या बैठकीत आहे. बैठक बदलली तर उभं राहायची गरजच काय? मी म्हटलं, शाळेत उद्या नेऊ नका, थोडं थांबा. ते म्हणाले, "तुला कधीपास्नं चांदण्यांचा नाद?" मी सांगितलं, बघते तरी.

बैठक कशी हवी हे मी दोन-तीन दिवस काम करता करता ठरवलं. जड हवी, म्हणजे वाऱ्यानं हलायची नाही. चहूबाजूंनी फिरायला हवी. आणि वर-खाली होऊन सोडू तिथंच थांबायला हवी. फिरणारं आणि जड असं आपल्या घरात काय आहे, तर जातं. गिरणी आल्यापासून ते गोठ्याच्या भिंतीला पडून होतं. सायलीच्या लग्नात हळद दळायला बाहेर काढलं, तेवढंच. खालची तळी जमिनीला घट्ट, वरची मधल्या लोखंडी खुंटीभोवती फिरते, आणि फिरवायला हाताचा खुंटा आयता. वरच्या तळीवर दोन उभ्या फळ्या बसवायच्या आणि त्यांच्यामध्ये नळी पाळण्यासारखी टांगायची. मी हे पाटीवर काढून राधाकिशन सुताराला दाखवलं. त्यानं पाटी उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाला, "काकू, ह्याच्यात पीठ कुठून निघायचं?"

पहिल्याच संध्याकाळी चूक केली, आणि ती माझीच. आत्याबाई, म्हणजे तुमची आई, सांगायच्या ते तुम्हालाही आठवत असेल, रिकामं जातं फिरवू नये, घरात कलह येतो. म्हणून मी जात्याला हळदकुंकू वाहिलं आणि तोंडात मूठभर ज्वारी टाकली. नळी फिरवली की ज्वारी भरडायची, आणि जातं असं धडधडायचं की आभाळात भूकंप. चंद्राची कोर दिसेना, पण अर्धी वाटी भरडा मात्र निघाला. सकाळी त्या जागी मुंग्यांची रांग. ज्वारी काढली तर दगडावर दगड खरखरू लागला, फिरताना अडखळून एकदम उडी घ्यायचा. तेल सोडलं तर इतकं सैल झालं की सोडलेल्या जागी थांबेना. शेवटी रेक्झिनच्या जुन्या पिशवीचा गोल कापला आणि दोन्ही तळ्यांच्या मध्ये घातला. आता असं फिरतं की एका बोटानं चंद्राच्या मागं मागं जाता येतं, आणि बोट काढलं की तिथंच उभं. ज्वारीचे पाच दाणे चिंधीत बांधून खुंट्याला लावलेत. जातं रिकामं नाही आणि मुंग्याही नाहीत.

वर-खालीच्या कामाला मात्र राधाकिशनलाही चार फेऱ्या पडल्या. नळी मध्यावर टांगली तर तराजूसारखी छान तोलायची. पण चंद्र खाली असताना डोळा छातीच्या वर जायचा आणि चंद्र वर आला की मांडीपाशी. मग मी म्हटलं, कडी मागं घे, डोळ्याच्या बाजूला. डोळ्याजवळ टांगली, की पुढचं तोंड कितीही वर-खाली होवो, डोळ्याची जागा फार हलत नाही. तो म्हणाला, "मग तोंड जड व्हतंय की." जड तर जड. आपल्या जुन्या तराजूचं दोन किलोचं माप बुडाला तारेनं बांधलं. कडीच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबचे वाटोळे तुकडे घातले, बोल्ट बेताचा आवळला. आणि तुमचा तो कोपरासारखा तुकडा लावला. हा तुकडा म्हणजे नवल आहे अक्का. आभाळ डोक्यावर, आणि बघायचं मान खाली घालून. देवापुढे वाकतो तसं. खुर्चीवर पाठ टेकून बसलं आणि मान थोडी लववली, की झालं. ना उभं राहायचं, ना मान मोडायची.

नळीच्या तोंडाचा तो पोचा मी पहिल्या दिवशीच ओळखला होता. ही तीच दुर्बीण. तुम्ही पहिल्या पगारातून पुण्याहून आणलेली. पंचाण्णव सालची दिवाळी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्याला ग्रहण लागलं होतं. आत्याबाई देवांजवळ दर्भ ठेवून जपाला बसल्या होत्या, घरात चूल बंद. तुम्ही अंगणात नळी सूर्याकडे करून मागं पांढरा कागद धरला होता, आणि सांगत होतात की सूर्याकडं कुणी बघायचं नाही, कागदावर बघायचं. मला लग्न होऊन वर्ष होत आलेलं, आणि दोन महिने गेलेले. दिवस गेलेत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसरा सरल्यावर सांगायचं, असं माझ्या आईनं बजावलं होतं. गरोदर बाईनं ग्रहणात एका जागी बसायचं असतं हे मला ठाऊक होतं. तरी मी उठले. कागदावर सूर्य बघितला. एका बाजूनं चावा घेतलेल्या भाकरीसारखा. तुम्ही हसून म्हणालात, "राणी, बघ, सावली पुढं सरकते." मला इतकं आवडलं होतं ते, की मी पुन्हा एकदा जाऊन बघितलं.

ज्येष्ठात सायली झाली. ओठ एका बाजूनं नाकापर्यंत चिरलेला. सगळं घर सुन्न. आत्याबाईंनी विचारलं, ग्रहणात काय केलं होतंस? आणि अक्का, मी वीस वर्षांची होते, पोर कुशीत दूध ओढू शकत नव्हती, आणि मी घाबरले. मी म्हटलं, अक्कांनी हाताला धरून ओढत नेलं, सांगितलं तरी ऐकलं नाही. बारशाला तुम्ही झबलं घेऊन आलात, तेव्हा चार बायकांत मी म्हणाले, तुमच्या नळीनं माझ्या लेकराचं तोंड फाडलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हाला माहीत होतं की तुम्ही मला ओढलं नाही. माहीत होतं की मला दिवस गेलेत हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. एका शब्दानं म्हणाला असतात, ही खोटं बोलते. तुम्ही झबलं पाळण्यात ठेवलंत आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलात. दुर्बीण कोपऱ्यात आदळून पोचा पडला तो त्याच दिवशी. मीच ढकलली होती.

सायलीचा ओठ वर्षाच्या आत शिवला, आता नुसती रेघ उरली आहे हे तुम्ही जाणताच. कॉलेजच्या तीन वर्षांत ती तुमच्याकडं किती वेळा येत होती ते मला खूप नंतर कळलं. आता तिला सहावा लागलाय. मार्गशीर्षात तिच्याबरोबर सोनोग्राफीला गेले होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या ओठाची रेघ बघून विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? मी म्हटलं, कुणाला नाही, ग्रहणानं झालं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आई, हे ग्रहणानं होत नाही. कधी रक्तातून येतं, कधी काहीच कारण सापडत नाही. दोष कुणाचा नसतो." बाळाचा ओठ नीट आहे, म्हणाल्या. मी देवाचं नाव घेतलं. पण येताना गाडीत सायली खिडकीकडं बघत म्हणाली, "आई, आरशात बघून मला कधी वाईट वाटलं नाही. तू अक्काआत्याचं नाव घ्यायचीस, तेव्हा वाटायचं."

तरी माझं मन अडून होतं. मग पौषात तुमचे बंकट मामा गेले, तुम्हाला त्या दिवसांत प्रवास जमला नाही. आम्ही दहाव्याला गेलो होतो. त्यांचे भाऊ आसाराम मामा नदीवरून डोकं आणि मिशी उतरवून आले. त्यांच्या पायावर पाणी घालायला मी तांब्या घेऊन उभी. वर बघितलं तर मिशीच्या जागी सायलीची रेघ. तशीच, त्याच बाजूला, फक्त वेडीवाकडी शिवलेली.  मामांनी उपरण्यानं तोंड झाकलं. जेवणं झाल्यावर मी त्यांना गाठून विचारलं. म्हणाले, "ताईनं शपथ घातली व्हती पोरी. तिच्या सासरी कुणाला सांगायचं न्हाई, माहेराला नावं ठेवतेत. लई वेळा मनात आलं, पर शपथ व्हती." म्हणजे आत्याबाईंना ठाऊक होतं. त्या आता नाहीत, आणि त्यांना मी बोल लावणार नाही. त्यांनी एक गोष्ट झाकली. मी तर एक गोष्ट रचली. झाकण्यापेक्षा रचणं मोठं, एवढं मॅट्रिक झालेल्या बाईला कळतं. मी दहाव्याहून परत आले आणि पाचव्या दिवशी तुमचं खोकं आलं.

माझा देवावरचा विश्वास होता तिथंच आहे अक्का. एकादशी सोडणार नाही, नगदनारायणाच्या गडावर नैवेद्य न्यायचा तो नेणारच. पण देवानं केलेल्या गोष्टीला मी तुमचं नाव लावलं, हे त्याला आवडलं नसणार. तुमच्या भावाला मी हे सगळं गेल्या गुरुवारी सांगितलं.  ते म्हणाले, "मला न्हाई, अक्काला सांग." आणि उठून गोठ्यात गेले. दोन दिवस माझ्याशी नेमकंच बोलले. शनिवारी संध्याकाळी मी चंद्र लावून ठेवला आणि त्यांना हाक मारली. खुर्चीत बसून त्यांनी इतका वेळ बघितला, की मला वाटलं डोळा लागला. मग हळूच म्हणाले, "चंद्राला बी देवी आल्या व्हत्या की काय गं?" सगळं अंग खड्ड्याखड्ड्यांचं, तरी एवढा उजेड. मग मी गुरू लावला. आयुष्यभर गुरुवार केले, पण गुरू पहिल्यांदा बघितला. वाटाण्याएवढा, आणि शेजारी एका रेषेत चार बारीक ठिपके. दुसऱ्या दिवशी बघते तर ठिपक्यांनी जागा बदललेल्या. एक तर दिसेचना. चौथा कुठं गेला म्हणून मी ह्यांच्यावरच ओरडले. ते म्हणाले, "आपल्याला काय इचारती, अक्काला इचार." सायलीलाही विचारलं. ती म्हणाली, ते मला नाही, अक्काआत्यालाच सांगता येईल.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. माफी मागायची तर आहेच, ती पदर पसरून मागते. पण नुसत्या माफीसाठी जातं उचललं नसतं. अंगणात तुळशीच्या उजव्या हाताला जात्यासाठी विटांचा चौथरा बांधलाय. समोरून खाली पोकळ ठेवलाय, म्हणजे चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे पाय आणि गुडघे आत जातील. खुर्चीची रुंदी मी कार्तिकात तुम्हाला भेटायला आले होते तेव्हा, तुमचा डोळा लागलेला असताना, वितीनं मोजून घेतली होती. तेव्हा कशासाठी मोजली हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. बाहेरच्या नव्हे, मधल्या खोलीचं दार रुंद केलंय, आणि परवा उंबराही काढला. काढण्याआधी त्याची पूजा केली, लक्ष्मीची क्षमा मागितली. तिथं आता उतार आहे. मोरीत धरायला दांडी बसवलीय. तुमचे भाऊ म्हणत होते, न विचारता जीप घेऊन जाऊ आणि खुर्चीसकट उचलून आणू. मी म्हटलं, नाही. एकदा त्यांनी मला ओढलं असं मी लोकांना सांगून बसले, आता कुणी कुणाला ओढायचं नाही. त्यांच्या मनानं येऊ द्या.

चौथऱ्याचे वरचे दोन थर नुसते रचून ठेवलेत, सिमेंट लावलेलं नाही. तुमच्या भावाच्या डोळ्याच्या मापानं नळी बसते, पण ते उंच आहेत. तुमचं माप माझ्याकडं नाही. तेव्हा एवढंच करा अक्का. खुर्चीत नेहमीसारखं पाठ टेकून बसा, आणि शेजारच्या कुणाला तरी जमिनीपासून तुमच्या डोळ्यापर्यंत टेप लावायला सांगा. किती इंच भरतात तो आकडा उलट टपाली कळवा. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. राग लिहायचा असेल तर तोही लिहा, मी वाचेन. काही लिहावंसं नाही वाटलं तर नुसता आकडाच लिहा. मी समजेन, आणि त्याच दिवशी सिमेंट कालवीन.

तुमचीच,
वर्षाराणी